अडचणीच्या वेळची फ्लॉपी

धानाच्या पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या माणसानं दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सुट्टी घेऊ नये. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टरची होते, राईस मिलची होते, तशी कॉम्प्युटरचीही होते. हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि मूठभर अक्षता. मूल गावच्या एका मिलमालकानं या अक्षता थेट फ्लॉपीच्या खाचेत वाहिल्या होत्या. मी चिमट्यानं एकेक दाणा काढत होतो आणि हे गृहस्थ शेजारी उभे राहून म्हणत होते, "त्याले तोंड तेवढंच दिसलं भाऊ, म्हनून तोंडात घातले. काऊन, चुकलं का?" आता याला काय उत्तर द्यायचं? तांदूळ मात्र चांगल्या प्रतीचा होता.

पंचवीसेक वर्षं चंद्रपुरात माझं दुकान होतं. आता ते बंद करून मी मूलला घरी असतो. एका बाजूला जिवतीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला आरमोरी, एवढा माझा मुलूख. एसटीनं हिंडायचो. खांद्यावरच्या पिशवीत पेचकस, रंगाचा ब्रश आणि फ्लॉप्यांचा डबा. चंद्रपूरच्या मशीन उघडल्या की कोळशाची काळी भुकटी निघायची, मूलच्या मशीनमधून कोंडा. झाकण उघडल्यावर मशीन कोणत्या गावची ते मी डोळे मिटून सांगू शकत होतो, आणि सांगतही होतो, कारण मला फुशारकी मारायला फार आवडायचं.

पुढे पुढे तर झाकण उघडण्याचीही गरज वाटेनाशी झाली. लोक फोनवर सांगायचे, "भाऊ, तीनदा वाजते अन् बंद पडते." मी चहाचा घोट घेत इकडून सांगायचो, अमुक पट्टी काढा, खोडरबरानं पुसा, परत बसवा. मशीन सुरू व्हायची. न बघता रोग ओळखणारा म्हणून माझं नाव झालं. त्या नावानंच माझ्या हातून एक चूक घडवली, आणि आज लिहायचं आहे ते त्या चुकीबद्दल.

मधुकर गुरुजी आरमोरीजवळच्या एका खेड्यातले. शाळेत मास्तर होते आणि नाटकं लिहायचे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे धानाची कापणी आटोपत आली की गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. वडसा गावच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावं पालथी घालतात. गुरुजी या कंपन्यांसाठी लिहीत. बौद्ध घरातला माणूस, वडिलांनी मजुरी करून शिकवलेला. त्यांच्या नाटकात देवाचा चमत्कार कधी नसायचा. पण शेवटी बायका डोळे पुसत आणि पुरुष उगाच खाकरत बाहेर पडायचे.

या धंद्यात पूर्ण नाटक कोणाच्या हातात द्यायचं नाही, अशी रीत होती. दिलं की दुसरी कंपनी नाव बदलून लावणार. म्हणून प्रत्येक नटाला त्याची फक्त नक्कल मिळायची. नक्कल म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं आणि आधीच्या माणसाच्या वाक्याचं शेपूट. अख्खं नाटक एकट्या लेखकाकडे. पंधरा नटांच्या पंधरा नकला हातानं काढून गुरुजींची बोटं दुखायला लागली, तेव्हा निवृत्तीनंतर ते माझ्या दुकानात आले आणि विचारलं, "हे यंत्र मराठीत लिहिते का?"

त्या काळी ते सोपं नव्हतं. मराठीसाठी मशीनच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवावं लागे. अक्षरं उमटवण्याचं काम ते कार्ड करी. ते नसेल तर पडद्यावर नुसत्या चौकटी आणि आडव्याउभ्या रेघा. मी त्यांना कार्डासकट मशीन जोडून दिली. माझ्या सवयीप्रमाणे हार्ड डिस्कचे तीन आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिले. जुन्या मशीनला हे आकडे सांगावे लागतात, नाहीतर तिला स्वतःची डिस्क ओळखू येत नाही. शेवटी एक जादा फ्लॉपी तयार केली. हार्ड डिस्कशिवायही मशीन सुरू करता येईल आणि मराठीत लिहिता येईल, एवढं सगळं तिच्यात कोंबलं. वर चिठ्ठी चिकटवली, 'अडचणीच्या वेळी लावा.' आणि बजावलं, "गुरुजी, रोज लिहून झालं की फ्लॉपीवर उतरवून ठेवत जा." मास्तर माणूस, शिस्तीचा. त्यांनी मान डोलावली.

काही वर्षं छान गेली. मग एक दिवस गुरुजी दुकानात आले. आरमोरीहून दोन गाड्या बदलून आले होते. मी एका ऑफिसच्या नव्या मशीनच्या खोक्यांमध्ये कमरेपर्यंत बुडालो होतो. काउंटरच्या पलीकडून ते म्हणाले, "देविदासभाऊ, मशीन चालू तं होऊन राह्यली, पन आत नाई जाऊन राह्यली. पडद्यावर काय लिहून येते थे मी उतरवून आनलं हाय." त्यांच्या हातात वहीचा घडी घातलेला कागद होता.

मी तो कागद घेतला नाही. खोक्यातून मान वर करून म्हणालो, "गुरुजी, त्या मशीनमध्ये आता काही राहिलं नाही. ती मेली, भंगार झाली. आता ही नवी घ्या, हिच्यात मराठी आपोआप येतं." त्यांनी एकदा नव्या खोक्यांकडे पाहिलं, कागदाची आणखी एक घडी घालून तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं. येतो मंग." मी चहासुद्धा विचारला नाही. वर्षभरात ते गेल्याचं कळलं.

वीसेक वर्षांनी, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, माझ्या मूलच्या घरासमोर ऑटो थांबला. पन्नाशीच्या एका बाईंनी धानाच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं. गुरुजींची मुलगी प्रमिला, गडचिरोलीत नर्स आहेत. पोत्यातून तीच मशीन निघाली, सोबत फ्लॉप्यांचा डबा.

"भाऊ, बाबाचं शेवटचं नाटक तुमाले मालूम असन. बांधावरची सून."

मला माहीत होतं. सासरच्यांनी हक्काच्या जमिनीवरून हुसकावलेल्या एका सुनेची गोष्ट. गुरुजींच्या हयातीत कंपनीच्या हाती दोनच अंकांच्या नकला पडल्या होत्या. ते गेल्यावर कंपनीनं कोणाकडून तरी तिसरा अंक लिहून घेतला. त्यात सून विहिरीत उडी घेते. तसंच ते नाटक अनेक हंगाम चाललं, आणि खूप चाललं.

"बाबा माह्याजवळ एकच गोष्ट बोलले होते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माही सून मरत नाई म्हनत. मंग काय करते, थे नाई सांगितलं. म्हनत, नाटकातच पाहाय. आता वडशाचा मालक नाटक पुन्हा काढते. माहे बाबाचा शेवट दाखवा, तं तुमच्या गावच्या मंडईले थोच लावतो म्हनला. नाई भेटला तं विहीरच. दसऱ्याच्या आधी नकला पायजेत त्याले." मग पोत्याची घडी घालत त्या हळूच म्हणाल्या, "गावात बाबाचं नाव घेतलं का लोकाईले विहीरच आठोते भाऊ. थे बाबानं लिहिलंच नाई ना."

मी झाकण उघडलं. आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात तीन आकडे होते. ९७७, १०, १७. माझा जुना डबडा मॉनिटर जोडून मशीन सुरू केली तर पडद्यावर सरळ इंग्रजीत ओळ आली, बॅटरी संपली आहे, पुढे जायला अमुक बटण दाबा.

मदरबोर्डवर एक छोटी बॅटरी असते. तारीख, वेळ आणि हे तीन आकडे ती लक्षात ठेवते. ती संपली की मशीन सगळं विसरते, पण मरत नाही. नवी बॅटरी बसवायची, झाकणावरचे आकडे पुन्हा भरायचे, दहा मिनिटांचं काम. गुरुजींच्या त्या कागदावर हीच ओळ असणार. मी नुसता हात पुढे करून कागद घेतला असता तरी पुरे होतं. प्रमिलाबाई काही विचारतील म्हणून मी उगाच ब्रशनं धूळ झाडत राहिलो. त्यांना त्या दिवशी काही सांगायचा मला धीर झाला नाही.

बॅटरी बदलली, आकडे भरले. पण वीस वर्षं बंद पडलेली हार्ड डिस्क आता टकटक करून गप्प झाली. ती मात्र खरोखर गेली होती. मशीनचा फ्लॉपी ड्राइव्हही फिरेना. अडचणीची फ्लॉपी हातात घेतली, पत्र्याची पट्टी सरकवली, तर आतल्या काळ्या चकतीवर घासून घासून चकचकीत वर्तुळ पडलं होतं. मी चक्रावलो. ही फ्लॉपी जन्मात दोनतीनदा लावायची होती. ती तर झिजून गेली होती, एक अक्षर वाचता येईना.

नाटकाच्या फ्लॉप्या तेवढ्या वाचण्यासारख्या होत्या. काहींवर बुरशी होती, ती स्पिरिटनं पुसली. लॅपटॉपला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे, त्यातून सगळ्या फाइली उतरल्या. पण लॅपटॉपवर त्या चौकटी आणि रेघा. जुनी अक्षरं नव्यात बदलणारा एक प्रोग्रॅमही लावून पाहिला. जोडाक्षरांचा भुगा झाला, आणि गुरुजींची पात्रं आमच्या झाडीबोलीत बोलणारी, त्यांची वाक्यं तर ओळखूच येईनात. शेवटी ठरवलं, गुरुजींचं कार्ड गुरुजींच्याच मशीनमध्ये आहे, तर तीच मशीन उभी करायची.

म्हणजे तिला नवी हार्ड डिस्क हवी, आणि तसली डिस्क आता मिळत नाही. तिच्याऐवजी मी जुन्या कॅमेऱ्यातलं जाडसर चौकोनी मेमरी कार्ड घेतलं. एका छोट्या पट्टीवर ते बसवलं की जुन्या मशीनला ती हार्ड डिस्कच वाटते. प्रश्न असा की या कोऱ्या कार्डात जुनी सिस्टिम भरायची कशी? जिच्यात भरायची तिचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद, आणि नव्या लॅपटॉपला ती जुनी सिस्टिम ठाऊकच नाही. इथे एम्युलेटर कामाला येतो. हा एक प्रोग्रॅम असतो. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका चौकोनात तो तीस वर्षांपूर्वीच्या मशीनचं सोंग घेतो. तशीच मेमरी मोजतो, तशीच काळ्यावर पांढरी अक्षरं दाखवतो. मी त्या सोंगाला खोटी हार्ड डिस्क दिली, माझ्या संग्रहातल्या फ्लॉप्यांवरून तिच्यात जुनी सिस्टिम आणि मराठीचा प्रोग्रॅम चढवला. एम्युलेटरमध्ये सगळं झकास सुरू झालं, मराठी अक्षरं तेवढी गुरुजींच्या कार्डाशिवाय दिसणार नव्हती. मग ती अख्खी डिस्क जशीच्या तशी मेमरी कार्डावर उतरवली, कार्ड गुरुजींच्या मशीनमध्ये घातलं आणि बटण दाबलं.

सिस्टिम सापडत नाही, असं मशीननं मला सुनावलं.

तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा डोक्यात उजेड पडला आणि मी स्वतःलाच शिव्या दिल्या. डिस्क म्हणजे धानाचं शेत समजा. किती बांध्या, म्हणजे खाचरं, एका बांधीत किती ओळी, एका ओळीत किती रोपं, हे ठरलेलं असतं, आणि तेच ते तीन आकडे. मशीनला मी झाकणावरचे आकडे दिले होते. एम्युलेटरला मात्र काही सांगितलंच नव्हतं, त्यानं त्याच्या मनानं वेगळेच आकडे धरले होते. एकानं रोवलं एका हिशेबानं आणि दुसरा कापायला गेला दुसऱ्याच बांधीत. न बघता गृहीत धरायची माझी खोड अजून गेली नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून बसलो. या वेळी एम्युलेटरला ९७७, १०, १७ हेच आकडे दिले. सिस्टिम चढवली, मराठीचा प्रोग्रॅम चढवला, नाटकाच्या फाइली टाकल्या. सगळं नीट पोहोचलं का ते पाहायला फाइलींची यादी काढली आणि माझा हात कीबोर्डवरच थांबला.

पहिल्या दोन अंकांच्या फाइलींवर सरळ तारखा होत्या. तिसऱ्या अंकाच्या प्रत्येक फाइलवर एकच तारीख होती, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

ज्यांनी या मशीन हाताळल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. बॅटरी मेली की जुनी मशीन दर वेळी त्याच तारखेपासून, मध्यरात्री बारापासून मोजायला लागते. म्हणजे तिसरा अंक बॅटरी संपल्यानंतर लिहिलेला होता. मी मशीन मेली म्हणून सांगितलं, त्याच्याही नंतर. गुरुजी घरी गेले होते, अडचणीची फ्लॉपी लावली होती आणि लिहायला बसले होते. ते चकचकीत वर्तुळ कशानं पडलं तेही कळलं. ती फ्लॉपी त्यांनी रोज वापरली होती. फाइलींवरच्या वेळा बारापासूनच मोजलेल्या, म्हणून गुरुजी किती वेळ बसले तेही त्यात दिसत होतं. एक तास दहा मिनिटं. दोन तास पाच मिनिटं. शेवटच्या फाइलवर तीन तास चाळीस मिनिटं. मी चष्मा काढून ठेवला. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही, घरात कोणी नव्हतं.

प्रमिलाबाईंना फोन करून बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. मॉनिटर जोडलेलाच होता. नव्यानं भरलेलं मेमरी कार्ड मी आत बसवलं होतं. मशीननं मेमरी मोजली, क्षणभर थबकली, आणि या वेळी आत गेली. मी तिसऱ्या अंकाची शेवटची फाइल उघडली. वरून खाली एकेक ओळ मराठीत उमटत गेली, तीच जाडी अक्षरं, वेलांट्या थोड्या जास्त गोल.

प्रमिलाबाई खुर्ची पुढे ओढून मोठ्यानं वाचायला लागल्या. शेवटच्या प्रवेशात सून विहिरीच्या काठावर उभी आहे. सासरा, दीर, गावकरी सगळे जमलेत. कोणी म्हणतं, आता ही उडी घेणार. सून बादली आत सोडते, पाणी ओढते, सगळ्यांसमोर घटाघटा पिते आणि म्हणते, "ह्या विहिरीत मी जीव नाई देत. हे विहीर खोदाले माह्या बापाचेही हात लागले. मी पानी पेयाले आली. अन् उद्या सकाळी ह्याच बांधीत रोवन्याले येनार हावो. ज्याले अडवाचं हाय त्यानं सकाळी यावं."

खाली एकच शब्द होता, पडदा.

त्यांनी तेवढं पुन्हा वाचलं. मग पदरानं डोळे पुसत, हसत म्हणाल्या, "पानी पेते. माय वो, पानी पेते थे!"

आता मला बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "प्रमिलाबाई, एक सांगायचं राहिलं. तुमचे बाबा माझ्याकडे आले होते. नुसती बॅटरी संपली होती. मी त्यांचा कागद बघितला नाही. मशीन मेली म्हणून सांगितलं आणि परत पाठवलं."

"मालूम हाय मले," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी कीबोर्ड बाजूला सरकवून त्यांच्याकडे वळलो.

"मी सुट्टीत घरी आली होती तवा. बाबा मशीन लावत, एक बटन दाबत अन् तिले म्हनत, हो माय, मालूम हाय, चाल पुढं. मी इचारलं, देविदासभाऊनं तं मेली म्हनून सांगितलं ना? तं म्हनले, मेली म्हननाराही थोच, अन् अडचनीच्या वेळी हे फ्लॉपी लावा म्हननाराही थोच. मी दुसरं आयकलं."

चहा झाला. मी प्रिंटर लावला आणि तिसरा अंक कागदावर उतरवला. त्यावरून वडशाच्या कंपनीनं नकला काढल्या. आता तालमी सुरू आहेत, आणि हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा गुरुजींच्या गावची मंडई जवळ आलेली असेल. मशीन प्रमिलाबाई परत घेऊन गेल्या. अडचणीची ती झिजलेली फ्लॉपी मी मागून घेतली. तिच्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी ती माझ्या टेबलावर असते.

दुकान बंद केलं तरी लोक अजून घरी येतात, कोणाचा लॅपटॉप, कोणाचा मोबाइल. दारातूनच सांगायला लागतात, भाऊ, असं होऊन राह्यलं, तसं होऊन राह्यलं. मी त्यांना आधी बसवतो, चहा ठेवायला सांगतो आणि हात पुढे करतो. "पडद्यावर काय आलं ते लिहून आणलंय का? आणा तो कागद इकडे."